सोलापुरात टोपल्या विणायचा घरचा धंदा कसा उभा करावा

सोलापुरात टोपली घ्यायला आलेलं माणूस तिच्यात काय ठेवायचं ते घरूनच ठरवून आलेलं असतं. नवरात्राआधी घट बसवायला, लग्नघरात झालीला (वंशपात्राच्या दानाला), भाद्रपदात गौरीपुढच्या फराळाला आणि बारा महिने भाकरीला. नुसती शोभेची म्हणून टोपली घेणारीही गिऱ्हाइकं आहेत, पण ती थोडी. एकदा घेऊन गेली की दोन-चार वर्षं फिरकत नाहीत. म्हणून विणकामाची आवड आहे आणि त्यावर घरादाराने मिळून काही उभं करायचं आहे, अशा नवख्यांनी मोबाईलवर सुंदर सुंदर नमुने बघत बसण्याआधी मोजायची टेप घ्यावी आणि बाजारात जावं.

बाजारात माप घ्या

लक्ष्मी मंडई, मंगळवार बाजार, मधला मारुतीचा परिसर, बाळीवेस असं पायी फिरा. फुलवाल्याची करंडी, भाजीवालीची पाटी, पूजेच्या दुकानातली परडी, भांड्यांच्या दुकानाबाहेर टांगलेली सुपं आणि रोवळ्या, यांतल्या प्रत्येकाचं तोंड किती, बूड किती, उंची किती आणि किंमत काय, ते वहीत लिहा. दुकानदाराला ‘किती खपतात’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर समोरचा माणूस बघून बदलतं. ‘पुढचा माल कधी मागवणार’ असं विचारा. त्यात खरा खप कळतो.

प्लास्टिकने जिथे बाजी मारली आहे त्या वस्तूही टिपून ठेवा. बांधकामावरची पाटी गेली, धुण्याची टोपली गेली, धान्याची कणगी तर कधीच गेली. त्यांच्या मागे लागू नका. प्लास्टिकला दोन जागी अजून शिरता आलेलं नाही. एक, धर्मकार्य. घट प्लास्टिकच्या टबात बसवत नाहीत, आणि वंशपात्राचं दान म्हणजे वेळूचंच पात्र लागतं. दुसरी जागा म्हणजे वाफ धरली की बिघडणारं अन्न. गरम भाकरी डब्यात घातली की घामेजते, दुरडीत नाही. नवख्याने या दोन जागांतूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

शिकायचं कोणाकडून

बांबूचं काम पिढ्यान्‌पिढ्या बुरुड समाजाने सांभाळलं, आणि तुराट्या-निर्गुडीच्या फोकांचं विणकाम कैकाडी समाजाने. आपल्या भागात कन्नड बोलणारे बुरुड स्वतःला मेदार म्हणवतात. बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतले संत, मेदार केतय्या टोपल्या विणूनच पोट भरत. त्याच परंपरेतल्या सिद्धरामेश्वरांच्या गावात हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. कैकाड्यांच्या वाट्याला मात्र वेगळा इतिहास आला. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांत तेही होते. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण सोलापुरातल्या सेटलमेंट (अशा जमातींना डांबून ठेवायची वसाहत) भागाच्या नावात तो काळ अजून शिल्लक आहे.

एवढं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. व्हिडिओ बघून वीण कळते, पण बांबू कसा चिरायचा ते कळत नाही. बेळ, म्हणजे विणायची पातळ पाती, काढताना कोयत्याचं पातं कुठे थांबवायचं आणि मनगट कधी वळवायचं, ते शेजारी बसूनच शिकावं लागतं. तेव्हा जाणत्या कारागिराकडे जा, आणि फुकट शिकू नका. त्यांचा तासभर गेला म्हणजे एक टोपली बुडाली. रोजाने पैसे द्या. पुढे ऑर्डर हाताबाहेर गेली की त्यांनाच काम द्या. त्यांच्या साध्या टोपलीपेक्षा दोन रुपये उतरून त्यांचं गिऱ्हाईक ओढायचा विचारही करू नका. तो तुम्हाला परवडणार नाही, कसा ते खाली हिशेबात दिसेलच.

अधिक शिकायचं असेल तर कुडाळला कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारी बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पण आधी गावातच हात बसवा.

माल: बांबू, तुराटी, निर्गुडी

सोलापूर जिल्हा कोरडा, इथे बांबूचं रान नाही. बांबू बाहेरून येतो. कोकण आणि कोल्हापूरकडून आलेला माल वखारीत मिळतो. 2017 साली वनकायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू तोडून आणायला आता पूर्वीसारखा वाहतूक परवाना लागत नाही. ओळखीत कुणी बेट लावलं असेल तर थेट बोला.

वखारीत गेलात की चार गोष्टी बघा. बांबू तीन वर्षांच्या आसपासचा हवा. कोवळा आकसतो, जून फार झाला तर चिरताना आडवा फुटतो. पेर लांब हवं, कारण दोन गाठींमधलं अंतर जितकं जास्त तितकी पाती सलग निघते. टोपलीला पातळ सालीचा, पोकळ बांबू घ्या. भरीव काठ्या फर्निचरला आणि शिडीला. आणि बुंध्याशी पिवळट भुकटी सांडलेली दिसली, बारीक भोकं दिसली, तर तो बांबू फुकट दिला तरी आणू नका. तो घुणा (बांबू पोखरणारी कीड) आहे आणि घरातल्या सगळ्या मालात पसरतो.

घुणा लागतो तो बांबूतल्या गोडव्यामुळे, म्हणजे पिठूळ अंशामुळे. म्हणून जुनी माणसं थंडीत आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू मागत, आणि तोडल्यावर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. पंधरवड्याचा भाग बाजूला ठेवला तरी थंडीचा आणि पाण्याचा मुद्दा पक्का आहे. पाण्यात तो अंश उतरतो. शोभेच्या, कपड्यांच्या, भेटवस्तूंच्या टोपल्यांसाठी आणखी एक उपाय करता येतो: 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक पावडर विरघळवून त्यात पात्या बुडवून ठेवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. हातमोजे घालून. मात्र भाकरीची दुरडी, तांदूळ धुवायची रोवळी, सूप, म्हणजे अन्नाला लागेल अशा कुठल्याही वस्तूला हे द्रावण लावायचं नाही. त्यांच्या पात्या नुसत्या पाण्यात मुरवा आणि तयार वस्तूला चुलीच्या धुराची धुरी द्या. दोन्ही पात्यांचे गठ्ठे वेगळ्या खोलीत ठेवा आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधा. घरात चार जण काम करत असले की गठ्ठ्यांची अदलाबदल कधी होईल ते सांगता येत नाही.

आपल्या उन्हाचं काय करायचं? एप्रिल-मेमध्ये पाती तासाभरात कडक होते आणि वळवताना तडकते. पहाटे बसा, पात्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, लागतील तशा बाहेर काढा. उलट पावसाळ्यात आपल्याकडे कोकणासारखी बुरशी लागत नाही, तेवढं सोलापूरकरांचं नशीब.

बांबूला पैसे लागतात, तुराटीला फार लागत नाहीत. आपल्या जिल्ह्यात तूर भरपूर. डिसेंबर-जानेवारीत काढणी झाली की तुराट्यांचे ढीग बांधावर पडतात आणि जळणात जातात. शेतकऱ्याशी काढणीच्या आधीच बोला. काढणीनंतर लगेच उचललेली, आत ओल असलेली बारीक काडी वळते. उन्हात महिनाभर पडलेली मोडते. तुराटीची टोपली रांगडी दिसते, कचऱ्याला, शेणाला, जनावराच्या वैरणीला चालते, आणि हल्ली शहरात कुंडी झाकायला तीच मागतात. निर्गुडीचे फोक ओढ्याकाठी मिळतात, लवचिक असतात, आणि बांबूच्या उभ्या काड्यांमध्ये आडवे घातले की टोपली बळकट होते. ज्याच्या शेतातला ओढा त्याला विचारून तोडा.

तीन वस्तू, तीन मापं

नवखा माणूस दहा प्रकार करतो आणि कुठलाच हातात बसत नाही. तीन वस्तू घ्या. माझी निवड: भाकरीची दुरडी, घटाची टोपली आणि हळदी-कुंकवाला लुटायची छोटी परडी. तिन्हींची वीण जवळपास एकच, मापं वेगळी.

वीण सांगायची तर एकाआड एक, सगळ्यात साधी. बुडाला काड्या एकमेकींवर चांदणीसारख्या टाकायच्या, मधे घट्ट विणून घ्यायचं, मग काड्या वर वळवायच्या आणि पाती आत-बाहेर, आत-बाहेर नेत राहायची. यात एक खुबी लक्षात ठेवली तर पुष्कळ उसवणं वाचतं: एकच पाती गोल गोल फिरवायची असेल तर उभ्या काड्या विषम संख्येत हव्यात. सम असल्या तर दुसऱ्या फेरीला पाती पहिल्या फेरीच्याच काडीपुढून जाते आणि वीण पडतच नाही. सम काड्याच ठेवायच्या असतील तर दोन पात्या एकामागून एक चालवा. काठाला बाहेरची हिरवी साल वापरा, आतला पांढरा भाग नको. टोपली तुटते ती बहुतेक वेळा काठातून.

दर वस्तूसाठी लाकडाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा करून घ्या. गिऱ्हाइकाने 12 टोपल्या मागितल्या तर बाराही सारख्या हव्यात, आणि मोठीत मधली, मधलीत लहान बसली पाहिजे. पाठवताना जागा टोपलीच्या पोकळीलाच लागते. एकात एक बसत नसतील तर टेम्पोचं भाडं नफा खाऊन जातं.

सुपाला मेथी आणि कागदाचा लगदा लिंपून देणारे हात आता कमी झालेत. घरात एखादी आजी हे जाणत असेल तर तिला खुर्चीत बसवून लिंपण करून घ्या. जुनी सुपं लिंपून द्यायचंही काम मिळतं, आणि त्याला माल जवळजवळ लागतच नाही.

घरात कोण काय करणार

कोयता एकाच्या हातात, फार तर दोघांच्या. चिरणाऱ्याने चिरावं, पात्या तासणाऱ्याने तासाव्यात, विणणाऱ्याने विणावं. प्रत्येकाने सगळं करायचं म्हटलं की वेग येत नाही. शाळेतल्या पोरांना फोटो काढू द्या, वही लिहू द्या, कोयता नाही. पातीची धार ब्लेडइतकीच असते, हे विणायला लागलेल्याला पहिल्याच दिवशी बोटावर कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मजुरी. ‘घरचेच तर आहेत’ म्हणून कुणाचीच मजुरी धरायची नाही, ही खोड बहुतेक घरगुती धंद्यांत असते, आणि बहुधा सगळ्यात जास्त विणणारी बाई तीत भरडली जाते. सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. विडी वळणाऱ्या घरांत हजारी दर काय असतो, तो आठवड्याला कसा मिळतो, ते पोरांनाही ठाऊक आहे. तसाच नगावर दर ठरवा. दुरडीचं बूड विणलं तर इतके, काठ बांधला तर इतके. आठवड्याला वहीतून बेरीज काढून ज्याचे त्याला द्या, सासूबाईंनाही आणि सुनेलाही. पैसे नंतर घरखर्चात एकत्र आले तरी हरकत नाही, पण आधी हातात पडले पाहिजेत.

किंमत कशी काढायची

आकडे समजुतीसाठी घेऊ. समजा, एका मध्यम टोपलीला बांबू 40 रुपयांचा, दोरा-धुरी वगैरे 10, वाया गेलेला माल आणि वाहतूक 20. तुम्हाला वेळ लागला तीन तास, तासाला 60 रुपये धरले तर 180. झाले 250. त्यावर धंद्याची गाठ, म्हणजे नफा, म्हणून 50 ठेवा, म्हणजे दुकानदाराला 300 ला द्यायची आणि तो ती 400 च्या आसपास विकणार.

आता मुरलेला कारागीर तीच टोपली तासाभरात उतरवतो. त्याची मजुरी 60, एकूण 130. तो 180 ला विकूनही फायद्यात आहे. साध्या टोपलीत तुम्ही त्याच्यापुढे टिकणार नाही, आणि टिकायचा हट्ट केलात तर स्वतःच्याच मजुरीतले पैसे गिळून टिकाल. तेव्हा जिथे वेगापेक्षा मापाला, काठाच्या सफाईला आणि वेळेवर देण्याला किंमत आहे, तिथे जा.

आपल्या गावात अशी एक जागा हाताशी आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोलापुरातून पुण्या-मुंबईला आणि पार परदेशात जाते. ती करणारे बचतगट आणि दुकानं ती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत किंवा खोक्यात देतात. दिवाळीला, लग्नाच्या आहेराला हीच भाकरी झाकणाच्या दुरडीत, शेजारी चटणीची बरणी, वर बेदाण्याची पुडी, अशी बांधून दिली तर दुरडीचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं. दुरडी करताना ज्यांना ती द्यायची त्या बाईंचीच भाकरी घेऊन घेरा मोजा. भाकरी आत सैल राहिली तर प्रवासात तुकडे होतात. पहिल्या पाच दुरड्या नमुन्याला द्या आणि पार्सलने पुण्याला पाठवून बघा.

सोलापूरचं वर्ष

या धंद्याची दिनदर्शिका म्हणजे घरातलं पंचांग. जानेवारीत संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. यात्रेत होम मैदानावर घरगुती वस्तूंची दुकानं लागतात. तिथे मोठ्या टोपल्या घेऊन बसू नका. बायका वाण लुटायला डझनाने घेतात, स्वस्त आणि हातात मावेल असं. छोट्या परड्या डिसेंबरअखेर तयार हव्यात.

लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून सुरू होते. झाल आणि सूप ही तयारी बहुतेक ठिकाणी वाजंत्री-मंडपवाला किंवा पूजासाहित्यवाला करून देतो. तेव्हा वधूपित्याच्या मागे न लागता या दोघांशी ओळख ठेवा. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो आणि त्यात लग्नं बंद असतात, म्हणून पंचांग हातात आल्याबरोबर तेवढं बघून ठेवा. वटपौर्णिमेला सूप आणि छोटी टोपली. आषाढीआधी पंढरपूरच्या प्रासादिक दुकानदारांना चुरमुऱ्याच्या, बुक्क्याच्या पाट्या लागतात. वारी सुरू झाल्यावर त्यांना बोलायला वेळ नसतो, ज्येष्ठातच जाऊन या.

मग भाद्रपद, आणि लगोलग नवरात्र. वर्षातला सगळ्यात मोठा खप हा. घटासाठी टोपली घट बसवणाऱ्या घरोघरी लागते आणि दरवर्षी नवी लागते. त्यातच तुळजापूर आपल्यापासून 45 किलोमीटरवर. आराधी, जोगवा मागणारे, कोजागरीला सोलापुरातून चालत जाणारे हजारो लोक, यांच्यात परडीला मागणी असते. देवीची परडी मात्र मनाला येईल तशी करायची नसते. तिचा आकार, कवड्या लावायची जागा, हे आराध्यांना विचारून करा. आषाढ-श्रावणात मागणी मंद असते, ते दोन महिने याच मालासाठी ठेवा.

कागदपत्रं, थोडक्यात

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असाल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. हस्तकला विकास आयुक्तालयाचं पहचान ओळखपत्र काढलंत तर सरकारी प्रदर्शनांत स्टॉल मिळायला मदत होते. महिला बचतगटात असाल तर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरस या विक्री-प्रदर्शनाला जाता येतं.

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, आणि टोपली, चटई, झाडू करणारे त्यांत आहेत. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने विनातारण कर्ज: आधी 1 लाखापर्यंत, ते फेडलं की 2 लाखांपर्यंत. एक अट कुटुंबाच्या धंद्याला नेमकी आडवी येते. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर तोही नाही. तेव्हा अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते बसून ठरवा. जो खरोखर विणतो त्याच्या नावाने करा, कारण नोंदणीची पडताळणी होते. पण कर्ज पहिल्या वर्षी काढूच नका. कोयता, सुरी, पाण्याचं टाकं, दोन-तीन साचे, एवढ्यावर काम सुरू होतं.

विकताना

पूजेच्या दुकानात माल ठेवून ‘विकला की पैसे’ हा रिवाज आहे. पहिल्या खेपेला तो मान्य करा, दुसऱ्या खेपेला निम्मे रोख मागा. नवरात्रानंतर पडून राहिलेला माल कोण परत नेणार हे आधीच बोलून घ्या. परत आलेल्या टोपल्या पोत्यात कोंबू नका, धुराच्या जागी टांगा, नाहीतर संक्रांतीपर्यंत घुणा त्यांची भुकटी करून ठेवतो.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना टोपलीत भाकरी किंवा फुलं ठेवूनच काढा आणि शेजारी माप लिहा. ‘छोटी’, ‘मध्यम’ असं लिहिलं की प्रत्येक गिऱ्हाईक फोन करून विचारतं आणि सकाळ त्यातच जाते.

नवरात्राचा बांबू कधी आणायचा, हे नवखे हमखास विचारतात. जोराचा पाऊस लागला की कोकण-कोल्हापूरकडची तोड थांबते आणि वखारीतला माल उरलासुरला असतो. जूनच्या आधी घरात आणा, पाण्यात मुरवा, श्रावण लागेपर्यंत पात्या काढून सावलीत टांगलेल्या असू द्या, आणि विणायच्या आदल्या रात्री लागतील तेवढ्याच भिजत घाला.